गुडघा की ताप

त्याला शवागारात नेलं आणि बाहेर दुसऱ्याला मारायला सुरुवात झाली.

मेलेला मुलगा ओरत्तनाडूकडच्या एका गावचा, विशीतला, कबड्डी खेळणारा. पोंगलच्या सामन्यात तो चढाईला गेला तेव्हा समोरच्या गावातल्या एका मुलाने त्याला धरून आडवा पाडला. पाडताना गुडघा त्याच्या छातीत बसला. तो उठला, जरासा चालला आणि कोसळला. दोन्ही गावांचं आधीपासूनच वाकडं होतं. ‘मुद्दाम मारलं’ ही बोंब क्षणात मैदानभर झाली. ज्याचा गुडघा लागला त्यानेच त्याला एका मालवाहू टेम्पोत घालून तंजावरला, आमच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी गेल्याचं सांगितलं, तेव्हा पळून जायचं सोडून तो दाराशी पायरीवर बसून राहिला आणि मागून आलेल्या माणसांच्या तावडीत सापडला.

मी याच कॉलेजात संशोधन करते. विषय गेली कित्येक वर्षं एकच: साध्या तापाचे विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरले की तिथे काय होतं. काम तसं मारण्याचंच आहे. उंदराला विषाणू टोचायचा, तो आजारी पडायची वाट बघायची, मग त्याला मारून छाती उघडायची आणि शेंगदाण्याएवढं हृदय कापून काचेवर घ्यायचं. रक्ताची मला सवय आहे. माणसांनी माणसाला मारण्याची नव्हती.

रक्ताच्या नळ्या घ्यायला मी अपघात विभागाकडे चालले होते. गर्दीच्या मधोमध तो मुलगा डोकं हातांनी झाकून बसला होता. एकाच्या हातात सलाइनचा लोखंडी स्टँड होता. त्याचा फटका बसला तसा मुलाचा उजवा हात कोपराखाली नको त्या बाजूला वळला. तो ओरडत नव्हता, त्यामुळे मारणाऱ्यांना आणखीच चेव येत होता. कुणीतरी केस धरून त्याचं डोकं पायरीवर आपटलं. कानातून रक्ताची धार लागली. आमचा पहारेकरी दार आतून लावून उभा होता.

मी शूर वगैरे नाही. पुढचा फटका डोक्यात बसला तर सगळं संपेल एवढंच मला दिसलं आणि मी घुसले.

“थांबा! मरेल तो!” मी तमिळमध्ये ओरडले.

“मरू दे!” माझ्यासमोर एक बाई उभी होती, मोकळे केस, हातात वीट. “माझ्या तंबीला मारलंय त्याने. तू कोण गं मध्ये पडणारी?”

ती मेलेल्याची थोरली बहीण. तिने वीट त्याच्यावर उगारली, मी डावा हात आडवा घातला आणि वीट माझ्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दुखण्याच्या आधी ऐकू आला. मग पोलिसांच्या काठ्या आल्या आणि गर्दी फुटली. त्या मुलाला उचलून आत नेलं. त्याचा हात वाचला, पण तो कान कायमचा गेला. शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या खाटेला बेडी होती.

शवविच्छेदन करणारे सर वयाने मोठे, कमी बोलणारे. छातीवर निळसर डाग होता, पण बरगडी मोडलेली नव्हती आणि आत रक्तस्रावही नव्हता. हृदय मात्र त्यांना सैल, मऊ लागलं. त्यांनी त्याचे तुकडे तपासणीला आमच्याकडे पाठवले आणि मला फोन केला.

“मला हे मारामुळे झालेलं वाटत नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच बघा.”

डाव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून उजव्या हाताने काच सरकवत मी बघितलं. निरोगी हृदयाचा स्नायू विंचरलेल्या केसांसारखा दिसतो, सगळे धागे एका दिशेला. इथे धागे तुटले होते, जागोजागी चघळल्यासारखे, आणि त्यांच्यामध्ये काळ्या ठिपक्यांचे थवेच्या थवे. ते ठिपके म्हणजे आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. विषाणू आधी स्नायूची पेशी फोडतो; मग त्याला मारायला आलेल्या पेशी उरलेला स्नायू उद्ध्वस्त करतात. असं मी उंदरांमध्ये शेकडो वेळा पाहिलं होतं. पुढे चाचणीत कॉक्सॅकी नावाचा विषाणू निघाला. तो साधाच असतो. घसा दुखवतो, चार दिवस ताप आणतो, जातो. एखाद्याच्या हृदयात मात्र शिरतो, आणि त्या अवस्थेत जोरात धावलं तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस उभ्या उभ्या पडतो.

पण त्यासाठी आधी ताप यायला हवा होता. सरांनी मेलेल्याच्या आईला बोलावून विचारलं.

“ताप? कसला ताप?” ती कडाडली. “माझा पोरगा वाघासारखा होता. पोलिसांना लाच मिळाली, आता तुम्हालाही मिळाली का?”

जाताना तिच्या भावाने, म्हणजे मेलेल्याच्या मामाने, सरांच्या टेबलाची काच मुठीने फोडली. त्याची मूठ रक्ताने भरली, तरी तो तसाच हसत बाहेर गेला.

आम्ही अहवाल दिला. पुढच्याच आठवड्यात इस्पितळाच्या आवारात कुणीतरी माझी स्कूटर आडवी पाडून पेटवली. जळका सांगाडा बघून मी रिक्षाने घरी आले. आम्ही महालाच्या मागच्या गल्लीत राहतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले आणि इथलेच झाले. माझे वडील, आप्पा, पडवीत बसले होते. त्यांना सगळं कळलेलं होतं.

“कोर्टात जाऊ नको,” ते आमच्या तंजावरी मराठीत, तमिळ हेल काढत म्हणाले. “तो मुलगा आपला कोण? आणि ती माणसं आपली कोण?”

“कुणीच नाहीत, आप्पा.”

“मग?”

मी एका हाताने पानं मांडायला घेतली. जेवताना ते धुमसतच होते, पण प्लास्टरच्या हाताने मला वाटी उचलता येत नाही हे बघून सांबार त्यांनीच भातावर ओतलं.

प्लास्टर नुकतंच निघालं होतं तेव्हा ती बहीण इस्पितळात आली. चालत नाही, नवऱ्याच्या खांद्यावर. पाय सुजलेले, ओठ निळे, दोन शब्द बोलायलाही दम पुरेना. हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत मी माझ्या कामासाठी बसले होते. पडद्यावर तिचं हृदय दिसलं: फुगलेलं, जेमतेम हलणारं. तिने मला ओळखलं. काही बोलणार एवढ्यात तिचे डोळे फिरले.

मी पुढे झाले कारण मीच जवळ होते. तिच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागले. अशा वेळी हळुवार दाबून चालत नाही. सगळं वजन टाकावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दाबाला तिची बरगडी मोडली. ते हाताला कळतं. माझ्या मनगटातून कळ डोक्यापर्यंत गेली. नवरा किंचाळत मला मागे ओढू लागला, “मारतेय ही! बदला घेतेय!” त्याला दोघांनी धरून बाहेर काढलं. शॉक दिला. तिचं शरीर गादीवरून उसळलं आणि पडलं. पुन्हा दाब, पुन्हा शॉक. मग पडद्यावर ठोका आला, वेडावाकडा, पण आला.

ती पुष्कळ दिवस अतिदक्षता विभागात होती. बोलता यायला लागल्यावर तिने मला बोलावलं.

“डॉक्टरम्मा, मला काय झालंय?”

मी सांगितलं. रक्त तपासलं होतं, भावाचा तोच विषाणू निघाला होता. तुला ताप येऊन गेला का, असं मी विचारलं.

“दोघांनाही आला होता,” ती म्हणाली. “तो म्हणत होता, अक्का, छातीत जड वाटतंय, आज नाही खेळत. मामा म्हणाला, गावाचं नाक कापशील. मी पण म्हटलं, जा रे, काही होत नाही.” मग ती रडू लागली, आणि रडताना मोडलेली बरगडी दुखायला लागली म्हणून हाताने छाती दाबून धरत पुन्हा रडली. “तापाचं कुणाला सांगायचं नाही असं अम्माने शपथ घालून सांगितलंय. केस पडेल म्हणून.”

मी तिला हे कोर्टात सांग असं म्हटलं नाही. त्या वेळी तिच्याकडून काही मागणं मला जमलं नसतं.

कोर्टात आधी माझी साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, “निरोगी माणसाचं हृदय छातीवरच्या एका माराने थांबू शकतं की नाही?”

“थांबू शकतं. क्वचित.”

“म्हणजे इथेही तसं झालं असेल?”

“हे हृदय निरोगी नव्हतं. तो त्या दिवशी नुसता धावला असता तरी मेला असता, असं मला वाटतं. पण गुडघ्याचा काहीच वाटा नव्हता, असं शपथेवर मी म्हणू शकत नाही.”

आरोपीच्या पिंजऱ्यातला मुलगा मान वाकडी करून चांगला कान माझ्याकडे धरून ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्याचा चेहरा पडला. मला खोटं बोलता आलं असतं, निदान गप्प राहता आलं असतं. त्या एका वाक्याने त्याची कित्येक वर्षं तुरुंगात जातील या भीतीने मला पुढे झोप लागेना.

नंतरच्या तारखेला बचावाच्या वकिलाने बहिणीला बोलावलं. ती नवऱ्याचा हात धरून आली आणि तापाचं सगळं सांगून मोकळी झाली. बाहेर पडली तेव्हा मामा व्हरांड्यात वाट बघत होता. त्याने भर लोकांत तिच्या तोंडात मारली. ती भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तिच्या नवऱ्याने त्याला कॉलर धरून जिन्यावरून खाली ढकललं. तो गडगडत गेला आणि खाली पडून शिव्या देत राहिला. तिची आई एका खांबाला टेकून उभी होती. ती ना भावाकडे गेली, ना मुलीकडे.

मुलगा सुटला. गावी परतला नाही, कारण निकालाआधीच त्याचं घर जाळलं गेलं होतं. पापनाशमजवळ एका भाताच्या गिरणीत कामाला लागला आहे असं कळलं. मी त्याला पुन्हा भेटले नाही. मेलेल्याच्या आईने अजून मुलीचं तोंड पाहिलेलं नाही.

ती मात्र माझ्याकडे तपासणीला येते. हृदय थोडं सावरलंय, पूर्ण नाही, बहुधा होणारही नाही. परवा आली तेव्हा सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, “पाण्याची घागर उचलू का आता?”

“अजून नको.”

“कालच उचलली.”

मी रागावले. ती पडद्याकडे बघत होती. “थांबलं तर नाही ना,” ती म्हणाली आणि छातीवरची जेल पदराने पुसायला लागली.