आजचंच अंडं

माझ्या वरच्या खोलीतला कंपाउंडर तीस वर्षं कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे कामाला होता. निवृत्त झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला आपला जुना मायक्रोस्कोप दिला. लोकांना घड्याळ मिळतं, याला हे. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. होता तो एक म्हातारा कुत्रा. एक कान दुमडलेला, म्हणून पिल्लू असताना कुणी नेला नाही. जिना उतरताना कोण कुणाला सांभाळतंय ते कळत नसे.

एका सकाळी हा दारात. "काकू, अंडं द्या. आजचंच हवं."

"नाश्त्याला?"

"नाही हो. याचं वीर्य ठेवायचंय."

"अहो, सकाळी सकाळी बाईमाणसाशी काय बोलता!"

मग कळलं. पलीकडच्या गावच्या मास्तरीणबाईंची कुत्री माजावर आलेली, त्यांना याच्या कुत्र्याचीच पिल्लं हवीत. कुत्र्याला प्रवास झेपणार नाही, म्हणून वीर्याची नळी जायची. औषधाच्या पाण्यात अंड्याचा पिवळा बलक घालून त्यात वीर्य मिसळलं. ती नळी साध्या पाण्याच्या पेल्यात उभी केली आणि पेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवली.

"सरळ बर्फात खुपसा की. लवकर गार होईल."

"एकदम गारठलं की शुक्राणू मरतात, काकू. हळूहळू चार-पाच अंशांवर आणायचं. मग नुसते झोपतात."

तेवढ्यात तिकडून फोन आला, कुत्रीचा नेमका दिवस यायला अजून चार-पाच दिवस आहेत. इकडे म्हातारा कुत्रा पुन्हा द्यायला तयार नाही. आता जे काय होतं ते त्या नळीत.

रोज सकाळी तो एक थेंब कोमट काचेवर घेई, मायक्रोस्कोपखाली बघे, आणि खाली येऊन सांगे, "शंभरात सत्तर पोहतायत." दुसऱ्या दिवशी, "पंचावन्न." मी चहा टाकून वाट बघायला लागले. माझा लेक फोनवर 'बरी आहेस ना' विचारतो आणि उत्तराआधीच ठेवतो. रोज येऊन काही सांगणारं माणूस घरात कित्येक वर्षं नव्हतं.

चौथ्या दिवशी तो पायरीवरच बसला. "पस्तीस. पाणी बदललं तर तगतील. अंडं आहे?"

"परवाचं आहे."

"शिळं चालत नाही."

मग आम्ही दोघं खुराड्यासमोर बसलो, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसं. कोंबडीने अकरा वाजवले. त्याने टिपकागदावर बलक लोळवून पांढरं सगळं काढलं आणि नवं पाणी केलं. दुसऱ्या दिवशी सुस्तावलेलेही जागे झाले, पन्नास पोहत होते! त्याच दुपारी निरोप आला. बर्फाला नळी टेकू नये म्हणून त्याने ती कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवली, डबा बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिला, आणि बस वळेपर्यंत उभा राहिला.

महिन्याने कुत्रा झोपेतच गेला. पुढच्या महिन्यात फोटो आला. चार पिल्लं, एकाचा कान दुमडलेला.

"आणा की ते एक," मी म्हटलं.

"मी एकोणसत्तरचा, काकू. ते माझ्यामागे उरेल. कुणाच्या दारात टाकू?"

"माझ्या दारात टाका."

मी त्र्याऐंशीची. दोघंही इतके हसलो की चहा उतू गेला.

पिल्लू काही त्याने आणलं नाही. सकाळी मात्र येतो. "अंडं आहे का?" म्हणतो. आता शिळंही चालतं त्याला.