पत्र्याच्या आतला कागद

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे सेलवाले काका बिघडलेल्या कॉम्प्युटरची आधी तारीख बघत. ती वीस वर्षं मागे गेलेली दिसली की शांतपणे म्हणत, "हा टाइम विसरून राहिला, दीदी. आता एकेक करून बाकीचंही विसरतो."

समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याची व्यवस्था मी बघते. नजरेचा घेर मोजणारं आमचं यंत्र एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालतं. काचबिंदूच्या रुग्णांचे सगळे जुने आलेख त्यातच आहेत, दुसरीकडे ते उघडत नाहीत. ते गेले तर कोणाची नजर किती आटली, हे ताडून बघायला काहीच उरणार नाही.

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा एका मेकॅनिकने सांगितलं, "फॉर्मेट करना पड़ेगा." म्हणजे सगळं पुसायचं. मी चौबे कॉलोनीतून काकांना बोलावलं. त्यांनी आतला नाण्याएवढा सेल बदलला, बायोस, म्हणजे कॉम्प्युटरची मूळ मांडणी, उघडलं आणि डिस्कची एक ओळ जुन्या पद्धतीवर आणली. कॉम्प्युटर सुरू झाला. "काहून पुसायचं? घर तेच हाय, फक्त पत्ता हरवला होता."

मग त्यांनी बायोसची प्रत्येक ओळ कागदावर लिहिली आणि तो कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला आतून चिकटवला. मी डायरीत उतरवून घेते म्हटलं, तर म्हणाले, "डायरी तुमच्यासंग घरी जाते. जो पत्रा उघडन, त्यालेच हा कागद पायजे."

नवा सेल किती दिवस चालेल, असं विचारलं की हसत. "मी डॉक्टर नाही, दीदी. सेलवाला हाय."

पुढे एका आठवड्यात ते तोच सेल बदलायला दोनदा आले. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागितला. मला नोंदींची सवय. मी दोन्ही गोष्टी डायरीत तारखेसकट लिहिल्या आणि अर्थ लावायचं टाळलं.

शेवटच्या खेपेला त्यांनी कागद न बघताच सेल बदलला, बायोसमध्ये कंपनीची आयती मांडणी भरली आणि पडदा काळा झाला. ते माझ्याकडे वळले.

"हे कोणाचं मशीन हाय?"

"आपलंच, काका. कागद आत आहे."

मी पत्र्यावरचा कागद एकेक ओळ वाचत गेले, ते भरत गेले. मशीन सुरू झालं. कागदाकडे बघून ते म्हणाले, "ज्यानं लिहिलं, त्यानं नीट लिहिलं." नंतर त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली.

मागच्या महिन्यात तारीख पुन्हा मागे गेली. सदर बाजारातून सेल आणून मी स्वतःच पत्रा उघडला. चिकटपट्टी सुटून कागद हातात आला. सगळ्या ओळी भरल्या, आलेख उघडले. कागद परत लावताना उलटा झाला, तेव्हा मागची बाजू पहिल्यांदा दिसली.

त्याच अक्षरात, त्याच नीटपणे लिहिलं होतं: घर चौबे कॉलोनी, हिरवं फाटक. स्कूटर निळी. पोट्टी सुषमा, नागपूरले असते. चहा एकदाच.

खाली तारीख होती. माझ्या डायरीतली त्या दुसऱ्या चहाची नोंद त्या तारखेनंतर वर्षभराने आहे.