मदतनीस मावशी

कोरोनात आमची अंगणवाडी बंद झाली, पण आम्हाला सुट्टी नव्हती. पोरांचा कोरडा शिधा घरोघर पोचवायचा आणि कुणाला ताप-खोकला आहे का ते विचारायचं, म्हणून मी आणि आमच्या मदतनीस मावशी खोडदच्या मळ्यांतून पायी फिरायचो. ज्या घरांतली पोरं मावशींनी मांडीवर घेऊन भरवली होती, तिथलीच माणसं आम्हाला लांबून ओरडायची, "तिथंच ठेवा. तुमी सगळीकडं फिरता, रोग तुमीच आणाल घरात." मावशी पिशवी ठेवायच्या आणि दारातल्या पोराला हात करायच्या.

मग मावशींनाच ताप भरला. आळेफाट्याच्या दवाखान्यात नेताना गाडीत चढता चढता त्या धापा टाकत मला म्हणाल्या, "बाई, वरच्या मळ्यातल्या धाकटीचा शिधा राहिलाय बघा." त्या परत आल्या नाहीत. अंत्यविधीला त्यांच्या लेकालासुद्धा लांब उभं केलं होतं.

पुढं अंगणवाडी उघडली. पोरं आली ती थेट स्वयंपाकाच्या खोलीकडं पळाली. "आज्जी कुठंय?"

मी सांगितलं, आज्जी देवाघरी गेली, आता येणार नाही.

एक मुलगी विचार करून म्हणाली, "आमच्या आईनं तिला घरात घेतलं न्हाई, म्हणून गेली का?"

"न्हाई गं बाळा," म्हणत मी तिला जवळ घेतलं. तिला सोडायला आलेली तिची आई अजून उंबऱ्यातच होती. ती तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.