नकारबाई आणि माझा पानगळा

आमच्या इस्पितळात चार नंबरच्या, म्हणजे विम्याच्या खिडकीशेजारी एक बाक आहे. सकाळी नऊ वाजले की त्यावर एक बाई येऊन बसतात. मांडीवर फाईल, फाईलवर स्टेपलर, आणि चेहरा असा की शेजारी टेकायच्या आधी माणसानं परवानगी मागावी. त्यांना सगळे नकारबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. विमा कंपनीत बसून एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे दावे नाकारायची पत्रं लिहिली. निवृत्त झाल्यावर तीन आठवडे घरी आराम केला. चौथ्या आठवड्यात नातवानं पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवू पाहिली, तर यांनी त्याच्याकडे पुरावा मागितला. तेव्हा सूनच म्हणाली, आई, तुम्ही बाहेर काहीतरी काम बघा.

बघितलं ते हे. कॅन्सर झालेल्या बायकांना कुठल्या खिडकीवर काय द्यायचं, विम्याच्या फॉर्मात काय लिहायचं, कुणाची सही कुठं घ्यायची, हे सगळं त्या सांगतात. फुकट. चहा पाजलेला चालतो, पण गार असला तर बोलून दाखवतात.

मी बायकांचे कपडे शिवते. माझं तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना ते सुख नको. तर अशा माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन गुरुवारी ठरलं, आणि आधीच्या शुक्रवारी विम्याचं पत्र आलं: मंजुरी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारीख गेली तर पुढची महिन्याभरानं मिळेल, आणि ही गाठ महिनाभर थांबणाऱ्यातली नाही. मी शिवणाच्या खुर्चीत बसून तासभर नुसती टाचण्या डबीत भरत होते. घाबरले होते, दुसरं काय.

सोमवारी सासूबाईंना घेऊन बाकावर गेले. नकारबाईंनी पत्र हातात घेतलं आणि खालून वर वाचायला सुरुवात केली.

"वरच्या भागात नुसता नमस्कार असतो," त्या म्हणाल्या. "खरं शेवटच्या ओळीत. तुमच्या केसपेपरवर लिहिलंय, गाठ दोन वर्षांपासून. विमा घेतलात सव्वा वर्षापूर्वी. म्हणजे आजार लपवून विमा घेतलात, असं त्यांचं म्हणणं."

"दोन वर्षं? मला कळून तीन महिने झालेत. कुणी सांगितलं दोन वर्षं?"

सासूबाई खिडकीकडे बघायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशी शिकाऊ डॉक्टरनं विचारलं होतं, त्रास कधीपासून? माझ्या तोंडात थर्मामीटर. आयुष्यात एकदाच मी गप्प बसले आणि तेवढ्यात सासूबाईंनी डाव साधला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"दोन वर्षं मान धरतेच की हिची," सासूबाई म्हणाल्या. "मी खोटं नाही बोलले."

मी काहीतरी भयंकर बोलणार होते, पण नकारबाईंनी स्टेपलर मध्ये धरला. "आई, तुम्ही खरंच बोललात. फक्त त्यानं मानेचं विचारलं नव्हतं. तेवढं आपण त्याला लेखी कळवू."

मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'सदर आजाराची पूर्वकल्पना असूनही ती दडवण्यात आल्याचे दिसते.'

"हे वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांपूर्वी मी बसवलं. साहेबांनी पाठ थोपटली होती. अजून तेच वापरतात मेले." त्यांनी चष्मा पुसला. "किती बायकांना गेलं असेल ते. लाज वाटते मला."

सासूबाईंनी आपला चहा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"आता तारखा सांगा," त्या एकदम कामाला लागल्या. "बरेच दिवस, मध्यंतरी, मागं एकदा, असलं काही चालणार नाही."

"तारखा माझ्या लक्षात राहत नाहीत हो."

"मग काय शिवत होतात ते सांगा."

ते मात्र मला बरोबर सांगता येतं. गाठ हाताला लागली तेव्हा शाळेचे गणवेश चालू होते, म्हणजे तीन महिने. विमा घेतला तेव्हा बँडवाल्यांचे कोट होते. आणि कोटांच्या आधी, परिचारिकांचे एप्रन शिवत असताना, बाजारातल्या तपासणी केंद्रावर सगळ्या दुकानदार बायकांची फुकट मॅमोग्राफी झाली होती.

नकारबाई ताठ बसल्या. "विम्याच्या आधी? काय निघालं?"

"काही नाही. सगळं ठीक म्हणाले."

"मग रिपोर्ट कुठंय?"

"रिपोर्टच्या कागदाची घडी करून मशीनच्या पायाखाली घातली. लगदा झाला त्याचा."

"आणि फिल्म?"

आता मात्र माझी मान खाली गेली. "फिल्म जाड असते ना. ब्लाउजचा गळा आखायचा कागदी खाका चार दिवसांत फाटतो. म्हणून मी तिचा पानगळा कापला, पानाच्या आकाराचा."

एकतीस वर्षांत अशी सबब ऐकली नव्हती, असं त्या नंतर म्हणाल्या. तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "उठा."

दुकानात खिळ्याला तो खाका लटकत होता. दीड वर्ष त्यावरून गळे कापत होते मी. अर्धी वस्ती माझ्या छातीवरून कापलेला गळा घालून मिरवत होती, आणि मी पुरावा शोधत गावभर फिरणार होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नकारबाईंनी खाका उजेडात धरला. मधला भाग पार गेला होता. पण एका कोपऱ्यात, खडूच्या खुणांखाली, माझं नाव, तारीख आणि नंबर शाबूत होता.

"कात्री चांगली चालते तुमची," त्या म्हणाल्या.

त्या नंबरावरून तपासणी केंद्राच्या रजिस्टरात माझा रिपोर्ट सापडला: गाठ नाही. मंगळवारी त्याची शिक्क्याची नक्कल मिळाली. शिकाऊ डॉक्टरनं बिचाऱ्यानं कान पकडून केसपेपरवर दुरुस्ती केली, डॉक्टरीणबाईंनी सही केली. सासूबाईंनी स्वहस्ते निवेदन लिहिलं, त्यात जाता जाता स्वतःच्या गुडघ्यांचंही लिहिलं. नकारबाईंनी तो परिच्छेद खोडला नाही. म्हणाल्या, खरं लिहिणाऱ्या माणसाचा कागद असाच असतो.

अर्ज मात्र त्यांनी स्वतः लिहिला. आपल्याच वाक्याला उत्तर द्यायचं होतं ना.

खिडकी सहाला बंद होते. बुधवारी साडेपाचपर्यंत काही नाही. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या; लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदाच. सहाला दहा कमी असताना खिडकीतला माणूस डोकं बाहेर काढून म्हणाला, "पानगळेवाल्या बाई, मंजुरी आली." मी बाकावरच रडले. नकारबाईंनी रुमाल दिला आणि परत मागून घेतला.

याला दहा महिने झाले. ऑपरेशन वेळेवर झालं, नंतरच्या औषधांनी गेलेले केस परत आले, आता कुरळे आलेत. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा मीही बाकावर बसते आणि नव्या बायकांना विचारते, तेव्हा काय करत होतात सांगा. कुणी मुलीच्या परीक्षेवरून सांगते, कुणी घराला रंग दिला त्यावरून. तारखा निघतात.

एका सोमवारी मी सहज विचारलं, "नकारबाई, तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?"

"झाली असेल की. मागं एकदा."

"मागं एकदा चालत नाही. काय करत होतात?"

त्या फाईल चाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "केलेलीच नाही. भीती वाटते गं मला."

लोका सांगे ब्रह्मज्ञान. पहिल्यांदाच त्या मला गं म्हणाल्या, म्हणून मी ती म्हण गिळली. त्यांचा फॉर्म मी भरला. तपासणी केंद्राच्या रांगेत त्यांची पर्स मी धरली, आणि तिथल्या मुलीनं प्रश्न विचारले तेव्हा, जड गेलं पण, त्यांची उत्तरं त्यांनाच देऊ दिली.

दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या. मोठं पाकीट माझ्यासमोर कापायच्या टेबलावर ठेवलं. मी फिल्म काढून उजेडात धरली, मग रिपोर्ट वाचला. खालून वर. काही नव्हतं.

"घे," त्या म्हणाल्या. "जाड आहे. चौकोनी गळा काप."

मी कात्री खणात ठेवली आणि खण लावून टाकला. "ही कापायची नाही," मी म्हटलं. "फाईल आणा तुमची."