एकाच रंगाच्या पिशव्या

त्या पिशव्या मीच पसंत केल्या होत्या. जाड कापडाच्या, जांभळ्या, तळाला दुहेरी शिवण. कारंज्याच्या दुकानदाराला मी चार वेळा बंद ओढून दाखवायला लावले, कारण बायकांनी भाजी भरली की तुटायला नकोत.

मी सिंधुदुर्गातली, आठवीतून शाळा सोडलेली. एका विद्यापीठाच्या वसतिगृहात चपात्या लाटत होते, तिथून तिथल्याच प्राध्यापक मॅडमनी मला या कामावर घेतलं आणि इकडे वाशीम जिल्ह्यात पाठवलं. एचआयव्हीच्या गोळ्या रोज चालू ठेवायला बायकांना काय अडतं, याचा अभ्यास तीन विद्यापीठं मिळून करत होती. प्रश्न विचारायला शिकलेल्या मुली होत्या. कारंज्यातल्या अभ्यासाच्या खोलीवर मी बायकांना पाणी द्यायची, वजन करायची, रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवायची, बर्फाची पेटी भरायची. पगार वेळेवर, राहायला खोली. माझ्यासारखीला अजून काय पाहिजे? तरी रोज सकाळी वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि मला परत पाठवतील.

येणाऱ्यांत कामरगावाकडची एक बाई होती. नवरा गेलेला, दिराच्या मळ्यात राबायची आणि कारंज्याच्या बाजारात भाजी विकायची. तिचं दुखणं घरात कुणालाच माहीत नव्हतं. गोळ्या ती बियाण्याच्या डब्यात ठेवायची, कारण त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नसे. माझ्यासाठी दर खेपेला कोथिंबिरीची जुडी आणायची. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, ते मला पटायचंच नाही. ती म्हणायची, "तुमच्या गावाकडं भाजीचे नावं बी उलटेच हायेत काय वो बाई?"

वर्ष संपताना बायकांना काहीतरी भेट द्यायचं ठरलं. मॅडमनी बजावलं होतं, वर नाव नको, चिन्ह नको, कुणाला कळता कामा नये. मी पिशवी सुचवली. बाईमाणसाच्या उपयोगाची वस्तू. दुकानात एकाच रंगाचा गठ्ठा होता, तो उचलला. छापलेलं काहीच नव्हतं. शिकलेल्यांच्या लक्षात आलं नाही ते सोडा; बाजारहाट मी करायची, मला सुचायला हवं होतं.

पुढच्या बाजाराला मानोऱ्याकडची एक बाई तीच पिशवी घेऊन आली. तिचं दुखणं लोकांना ठाऊक होतं, ती आमच्या अभ्यासाच्या खोलीवर येते हेही. कामरगावच्या बाईशेजारी बसणाऱ्या भाजीवालीनं तिची पिशवी बघितली, हिची बघितली, आणि गिऱ्हाइकांसमोर सहज विचारलं, "तुले बी तिथूनच भेटली का वो थैली?"

एवढंच. पुढचं मला कामरगावच्या बाईनं स्वतः येऊन सांगितलं, मुली जेवायला गेल्या होत्या तेव्हा. जावेनं तिचं ताट वेगळं काढलं. तुझ्या हातची भाजी कोण घेईल, म्हणून दिरानं बाजार बंद केला. बियाण्याचे डबे जावेनं ताब्यात घेतले, त्यानंतर नऊ दिवस गोळी नाही. आता ती माहेरी, अनसिंगला निघाली होती. गोळ्या वाशीमच्या सरकारी केंद्रातून घेईन म्हणाली, पण सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. मला रडू आलं.

"तुमी कायले रडता बाई? थैली चांगलीच होती. पन मले इचारलं असतं तं मी नको म्हटलं असतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आठवड्यानं संगणकाच्या पडद्यावर तिन्ही विद्यापीठांची बैठक झाली. काही बायका येईनाशा का झाल्या, असं पलीकडून विचारलं. मुली म्हणाल्या, सोयाबीनची सोंगणी, कापणी चालू आहे, कुणी मजुरीला बाहेरगावी गेल्या असतील. मी चहाचे कप घेऊन दारात उभी. मॅडमनी मला पुढं बोलावलं, पिशव्यांची कल्पना हिची म्हणून माझं कौतुक केलं. हाच अभ्यास करणारे दुसऱ्या जिल्ह्यातले लोक म्हणाले, छान, आम्हीही देतो. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवले. एक वाक्य बोलायचं होतं. घरी आईला मी विद्यापीठात आहे म्हणून सांगितलेलं. परत गेले तर काय सांगू, एवढंच डोक्यात. मी हसले आणि कप गोळा केले.

सांगितलं मी, पण बारा दिवसांनी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथं दुसऱ्या जिल्ह्यात फोन लावला. तिकडे पिशव्या आदल्या रविवारीच वाटून झाल्या होत्या.

मला कुणी काढलं नाही. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही, आणि विसरता येत नाहीत हेच कधीकधी जड होतं. नोंदीत त्या बाईच्या नंबरापुढे 'स्थलांतर' लिहिलं होतं, त्याच्याखाली मी मुलींना 'पिशवीमुळे' लिहायला लावलं. तिची गोळी चालू आहे का, हे मात्र कुणालाच माहीत नाही. वाशीमच्या केंद्रातल्या लोकांना ते आम्हाला सांगता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकदा न राहवून मी वाशीमच्या स्टँडवर अनसिंगच्या गाडीत बसलेसुद्धा. मग वाटलं, तिच्या माहेरी अजून कुणाला काही ठाऊक नसेल. लांबची, वेगळं बोलणारी बाई दारात आली की घरचे विचारणारच, ही कोण, कुठून आली. तिनं काय उत्तर द्यायचं?

गाडी सुटायच्या आत मी उतरले.