गाळलेला प्रश्न

रायपूरच्या आमच्या मराठी लोकांत मी बरीच लग्नं जुळवली. नियम एकच: या घरचा कडू शब्द त्या घरी न्यायचा नाही. "पोट्टी तोंडाळ दिसते," असं पोराची आई म्हणाली, की मी पोट्टीच्या घरी सांगायची, "बोलकी आहे म्हणे, आवडली त्यांले." संसार झाले ना सगळ्यांचे!

कॉलेजात शिकवत होती तेव्हा परदेशात शिक्षकांच्या एका मेळाव्याला गेली होती. तिथे इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षक समोरासमोर बसत. सरकारं बोलत नाहीत तर माणसांनी तरी बोलावं, एवढाच हेतू. तिथे दोघींशी माझी गट्टी जमली. एक तेल अवीवची, एक गाझाची. पुढे युद्ध पेटलं आणि दोघींले एकमेकींचा नंबर फोनमध्ये ठेवायचीही भीती वाटू लागली. मग निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. मले तर काय, आभाळ ठेंगणं! नवरा म्हणे, "अवं, तू पोस्टमन हायेस, पोस्टमनच राह्य." ऐकलं असतं तर!

एका सकाळी गाझावालीचा निरोप आला. तिचा भाऊ बॉम्बहल्ल्यात गेला होता. "तिला विचार, तिचा मुलगा या फौजेत आहे का? मला एवढंच कळू दे."

बाप रे! एका आईले असं कसं विचारायचं? जित्याची खोड, ती कुठे जाणार. मी लिहिलं, "तिचा भाऊ गेला. तुमची खुशाली विचारते." उत्तर आलं, "फार वाईट झालं. आम्ही सगळे ठीक आहोत." तेच मी पुढे पाठवलं.

गाझावालीनं लिहिलं, "मी विचारलं काय आणि ती सांगते काय? ठीक आहोत! पुरे झालं आता." त्यानंतर तिनं मलेही ब्लॉक केलं.

काही दिवसांनी तेल अवीववालीचा फोन आला. "ती गप्प का आहे?" मी रडत रडत सगळं खरं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "माझा मुलगा लढायला गेलाच नाही. नकार दिला म्हणून तुरुंगात आहे. शेजाऱ्यांपासून लपवते मी. तिला मात्र सांगितलं असतं."

हा निरोप अजून माझ्याजवळच आहे. दुसऱ्यांच्या फोनवरूनही लावून पाहिलं, गाझावालीचा नंबर लागत नाही. ती जिवंत आहे की नाही, तेही मले माहीत नाही.