आपण म्हणणारा बंडवाला

आयुष्यात मी बऱ्याच बेभरवशाच्या लोकांवर जीव लावला आहे. 'आलोच' म्हणून तिसऱ्या दिवशी उगवणारा प्लंबर, 'लग्नाला नक्की' म्हणून थेट बारशाला येणारे मावसभाऊ, असे पुष्कळ. पण या सगळ्यांच्या पंगतीत मानाचं पान ज्याच्यापुढे मांडावं असा गृहस्थ एकच, आणि त्याची अडचण एवढीच की तो कधी जन्मालाच आला नाही. तो आमच्या नवीन पनवेलच्या घरात, कॉम्प्युटरच्या डब्यात राहायचा. राजाविरुद्ध बंड करायचा. ते बंड तो नेमकं कोणाच्या बाजूने करतो आहे हे मात्र आम्हांला कळायचं नाही, आणि माझा दाट संशय आहे की त्यालाही कळायचं नाही.

कॉम्प्युटर मी ऑफिसचं काम घरी करता यावं म्हणून घेतला होता. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं की शेवटी मलाही ते खरं वाटू लागलं होतं. दुकानदाराने आपणहून त्यात एक गेम टाकून दिला, 'टाइमपासला बरा असतो साहेब' म्हणाला, आणि मी तो उघडून पाहिला तो केवळ त्याच्या शब्दाला मान म्हणून. आपण एक घोडेस्वार. ना घर ना दार. पहिल्याच गावात हा बंडखोरांचा पुढारी भेटतो आणि म्हणतो, मित्रा, विश्वास ठेव. मी ठेवला. माझ्यासारख्या माणसाला याहून जास्त आग्रह लागत नाही. त्याच्या इंग्रजी नावात चार व्यंजनं एकमेकांच्या मांडीवर बसलेली होती. मी ते एकदा मोठ्याने वाचलं तर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, वाफ घ्या. तिने त्याचं नाव ठेवलं 'तुमचा तो'. 'अहो, आला का तुमचा तो?' हा प्रश्न एकदा शेजारच्या वहिनींनी दारातून ऐकला आणि पुढे दोन दिवस त्या माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहत होत्या.

दिसायला म्हणाल तर मला त्याची पाठच जास्त ओळखीची. कारण तो नेहमी पाठमोरा उभा राहून बोलायचा. कडा असो, सराईचा सज्जा असो, समोर काहीतरी दूरवरचं बघत राहायचं, वारा आपल्याच झग्यावर सोडायचा आणि वळायचं ते फक्त शेवटच्या वाक्याला. तो झगाही अर्धा तांबडा आणि अर्धा निळा. तांबडा म्हणजे बंडाचा, निळा म्हणजे राजाचा. वाऱ्याची दिशा बदलली की माणसाचा पक्ष बदलल्यासारखा वाटायचा. तो बसलेला मी कधी पाहिला नाही. त्याला जेवताना पाहिलं नाही. आणि लढाई चालू असताना तर तो मुळीच दिसायचा नाही.

इथे आमच्या सासऱ्यांना आत आणायला हवं, कारण ही ओळख खरी वाढली ती त्यांच्यामुळे. अण्णा शिरढोणचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणाऱ्या आद्य क्रांतिकारकाच्या गावचे. शिरढोणच्या माणसाला बंड म्हणजे काय हे कोणी समजावून सांगायला जाऊ नये, तो गावाचा घरगुती विषय आहे. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहत होते. मोतीबिंदूची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पनवेलला करायची ठरली, म्हणून दीड-दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. डॉक्टरांनी वाचन आणि टीव्ही बंद सांगितला. अण्णा शिस्तीचे. कॉम्प्युटर हा टीव्हीचाच धाकटा भाऊ असं ठरवून, काळा चष्मा लावून, ते माझ्या खुर्चीमागे पण पडद्याकडे पाठ करून बसायचे. तोंड खिडकीकडे. मी आपलं गुपचूप खेळत होतो, तर दुसऱ्याच दिवशी पाठीमागून आवाज आला, "जावईबापू, तो काय बोलला ते जरा मोठ्याने सांगा."

झालं. तिथून माझी नेमणूक दुभाषा म्हणून झाली. पडद्यावर तळाशी इंग्रजी ओळ यायची, मी तिचं मराठी करून सांगायचो, आणि अण्णा खिडकीतल्या नारळाकडे बघत हुकूम सोडायचे. पुढारी तिकडे तोंड करून उभा, अण्णा इकडे तोंड करून बसलेले, आणि दोन पाठमोऱ्या माणसांच्या मध्ये मी एकटा तलवार चालवतो आहे! इतकी वर्षं आमचं संभाषण 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' यापुढे गेलं नव्हतं. आता मी ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आत ते विचारायचे, पुलाचं काय झालं.

त्या पुलाचंच सांगतो. पुढारी म्हणाला, तू पूल धर, मी फौज घेऊन आलोच. मी पूल धरला. सतरा शिपाई आले, माझं ढाल धरायचं बटण अडकलं, अण्णा मागून 'वाका, वाका' ओरडत होते आणि मी खरोखरच खुर्चीत वाकत होतो. सगळं आटोपल्यावर, शेवटचा शिपाई पाण्यात पडल्यावर, हा आला. कपड्याला सुरकुती नाही. झेंडा रोवला, भाषण केलं, टाळ्या घेतल्या. मी ते भाषण मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आम्ही असे चार पाहिलेत, सतरंज्या आम्ही घालायच्या आणि घसा ह्यांनी साफ करायचा. पण आवाजात राग नव्हता. ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद होता. पुढे हा राजाच्या प्रधानाला सराईत दोनदा भेटला. विचारलं तर म्हणे शत्रूला जवळून पाहावं लागतं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, जवळून पाहायला दोनदा कशाला जायला लागतं? आम्ही दोघांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

कारण मध्यंतरी घोड्याचं प्रकरण झालं होतं. खिंडीत माझा घोडा मेला. मी अगदी हताश होऊन बसलो. तेव्हा हा पुढारी आला, पहिल्यांदाच लढाईच्या आधी आला, स्वतःचा काळा घोडा माझ्या हातात दिला आणि पायी चालत निघून गेला. काही बोललासुद्धा नाही, त्यामुळे मला भाषांतराला काही उरलं नाही. मी नुसतं सांगितलं, "अण्णा, त्याने घोडा दिला."

अण्णांनी नारळाकडे बघतच मांडीवर हळूच थाप मारली. मग म्हणाले, "स्वतःचा घोडा देणारा माणूस वाईट नसतो हो."

आता घरात एक दुसरंही प्रकरण शिजत होतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरच्या पट्ट्यांचे, थेंबांचे दिवस सरत आले, आणि बायकोला काही केल्या अण्णांना परत एकटं पाठवायचं नव्हतं. ती म्हणायची, अण्णा, आता आपण सगळे एकत्रच राहू. आणि अण्णा म्हणायचे, तुमचं घर तुम्हांला, आमचं घर आम्हांला. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती तरी ते 'आम्ही'च म्हणायचे. एकट्या माणसाच्या तोंडचं 'आम्ही' ऐकायला फार वाईट वाटतं. बायको मग नळ मोठा सोडून भांडी घासायला लागायची.  जावयाने अशा वेळी बोलू नये, एवढं व्यवहारज्ञान मला आहे. पण सोमवारी डॉक्टरांनी 'जा' म्हटलं की अण्णा पिशवी उचलून सहा आसनी रिक्षाने शिरढोणला जाणार, हे तिघांनाही दिसत होतं.

आणि त्याच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. पुढाऱ्याने घोडा आपल्याकडे ठेवून घेऊन मला वेषांतर करून आत घुसवलं होतं. दरवाजाचा अडसर माझ्या हातात. तो बाहेर, माणसं घेऊन. जिन्यावरून राजाचे शिपाई चढत येतायत, त्यांच्या बुटांचे आवाज येतायत, अकरा वाजता आमच्याकडचे लाइट जाणार आहेत, आणि घड्याळात अकराला दहा कमी! बाहेरून तो म्हणाला, आणि मी धापा टाकत सांगितलं, "मित्रा, दार उघड. आज आपण मुक्त होऊ."

नेमकी त्याच वेळी दारात आमची मासेवाली टोपली उतरवून बसलेली. ती उरणहून, मोरा बंदरावरचे बोंबील घेऊन यायची. गेले चार रविवार ती ह्या पुढाऱ्याचं ऐकत होती आणि तो रोडपालीकडचा कोणी निवडणुकीला उभा राहिलेला इसम आहे अशी तिची समजूत होती. तिने बायकोच्या हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आत वाकून विचारलं, "दादा, तो आपून बोलला का आमी बोलला?"

मी म्हटलं, म्हणजे?

"मोऱ्याच्या धक्क्यावर तांडेल हाय ना, होडीचा म्होरक्या, तो रोज बोलतो, भरती आली का आपून निघू. भरती येते, तो निघतो, आमी धक्क्यावर. तवा इचारून घ्या."

 अण्णांची खुर्ची करकरली. "जावईबापू, मूळ इंग्रजीत काय आहे?"

"वुई," मी म्हणालो.

"म्हणजे आपण की आम्ही?"

मी पडद्याकडे पाहिलं. जणू काही त्या दोन अक्षरांत कुठेतरी बारीक लिहिलेलं असणार होतं. "अण्णा, दोन्ही. त्यांच्यात एकच शब्द असतो."

"एवढी मोठी भाषा, आणि कोण आत कोण बाहेर तेवढं सांगता येत नाही?" अण्णांना खरोखर धक्का बसला होता. मग सावकाश म्हणाले, "मग इतके दिवस आपण, आपण, ते कोण म्हणत होतं?"

खोटं बोलायला अवधी नव्हता, शिपाई शेवटच्या वळणावर आले होते. "मी," म्हटलं. "मला तसं वाटलं, म्हणून म्हणत गेलो."

बायको दारातच थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा गेमशी काही संबंध नव्हता. बाहेरच्या पुढाऱ्याचं सोडा, माझ्या ह्या एका शब्दाने सोमवारच्या सगळ्या आशांवर पाणी पडतंय हे मला तेव्हा कळलं. ज्या घरातला जावई महिनाभर मनाचं 'आपण' घुसडतो, त्या घरातल्या 'आपण सगळे एकत्र राहू' वर माणसाने का विश्वास ठेवावा?

अण्णा म्हणाले, "म्हणजे मी विश्वास ठेवत होतो तो तुमच्यावर. त्याच्यावर नव्हे." आणि मग, "उघडा दार."

मी उघडलं. लोंढा आत आला, शिपाई पळाले, मासेवालीने 'उघाडलं का' विचारलं, आणि आमचा पुढारी थेट तटावर चढला, राजाचाच निळा झेंडा फडकवला, आणि पाठमोराच म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगितलं, आता लपवायचं काय उरलं होतं, "आम्ही आभारी आहोत. आता आम्हांला तुझी गरज नाही."

"आम्हीच होतं तर," अण्णा म्हणाले.

त्याच्या माणसांनी मला ढकलत मागच्या दाराने बाहेर काढलं. तेवढ्यात अकरा वाजले, पंखा थांबला, आमचा यूपीएस शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटायला लागला. आणि मागच्या दाराबाहेर, अहो, तोच काळा घोडा उभा! खोगीर घातलेला, पाठीला भाकरीची पिशवी. "अण्णा, घोडा!" मी ओरडलो. "घोडा बांधून ठेवलाय त्याने!"

आणि डॉक्टरांचा दीड महिन्याचा हुकूम मोडून अण्णांनी काळा चष्मा काढला, खुर्ची फिरवली आणि नव्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. खाली घोडा होता. वर तटावर, अर्धा तांबडा अर्धा निळा, तो. दोन क्षण. मग यूपीएसने प्राण सोडला आणि पडदा काळा झाला.

"वाटला होता त्यापेक्षा बुटका आहे," अण्णा म्हणाले.

मासेवाली बोंबील देऊन, 'मी बोललेले, तो आपला नाय' असं सांगून गेली. जेवणं झाली. अण्णांनी बोंबील दोनदा मागून घेतले, पण त्यावरून काही अंदाज बांधण्यासारखं नव्हतं. दुपारी चहा झाला. बायकोने कप पुढे ठेवला. अण्णांनी तो उचलला, एक घोट घेतला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने अगदी सहज विचारलं, "काय गं, आपल्याकडची खारी संपली का?"

आपल्याकडची. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे पाहिलं.  तो शब्द चिमणीसारखा येऊन बसला होता, जरा हललो असतो तर उडाला असता. खारी होती. तरी मी चप्पल घालून आणखी पाव किलो आणायला धावलो.

अण्णा त्यानंतर सहा वर्षं राहिले. पंधरवड्यातून एकदा शिरढोणला जाऊन खिडक्या उघडायचे, झाडायचे, खिडक्या लावायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पुढाऱ्याचा विषय निघाला की मी त्याला लबाड म्हणायचो, आणि ते दर वेळी म्हणायचे, बोलायला 'आम्ही'वाला होता हो, पण घोड्याचं काय?  

आता अण्णा नाहीत. तो कॉम्प्युटरही भंगारात गेला, त्याच्याबरोबर तो तटावरचा माणूस गेला, पाठमोराच गेला असणार. ऑफिसात मात्र अधूनमधून माझ्याकडे इंग्रजी पत्रांचं मराठी करायला येतं, आणि त्यात 'वुई' आलं की माझं घोडं तिथेच अडतं. पाठीमागून कोणीतरी विचारेल, नीट सांगा, आपण की आम्ही, म्हणून मी जरा वेळ थांबतो. कोणी विचारत नाही. मग मी आपला 'आपण' लिहितो आणि पुढे जातो.